करवतीचे खालचे टोक

रविवार, १८ जानेवारी २०२६, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे, प्रेक्षक त्रेसष्ट.

आटगावजवळच्या जुन्या लाकूड-वखारीत सत्तरीचे यशवंत विशे घड्याळ हातात धरून उभे होते. तंत्रनिकेतनात शिकलेल्या या गृहस्थांनी लाकूडकामाचे संग्रहालय काटेकोर आराखड्यानिशी उभारले होते. मात्र आज जुन्या पद्धतीने फळी कापून दाखवली नाही, तर वखारीची ही शेड मंगल कार्यालयाला जाईल, असे सरपंचबाईंनी बजावले होते.

लाकूड कापायच्या खोल खड्ड्यावर सागाचा ओंडका आडवा होता. दोघांनी ओढायची लांब करवत घेऊन वर म्हातारा कोंडू चढला. तिचे खालचे टोक ओढायला त्याचा जुना जोडीदार नथू खड्ड्यात उतरणार होता.

"उतरलास का रे?" कोंडूने हाक दिली.

उत्तराऐवजी करवतीला खालून झटका बसला आणि भुसा उडू लागला.

"हळू वड! सासुरवाडीला चाललास काय?" कोंडू खेकसला. "चाळीस वर्सं झाली, तुजी घाई जात नाय!"

लोक खदखदून हसले. मध्येच कोंडूने फटीतून पेटती विडी खाली दिली. ती लगेच घेतली गेली.

त्रेपन्न मिनिटांत फळी सरळ निघाली. टाळ्या पडल्या. सरपंचबाईंनी शेड संग्रहालयालाच जाहीर केली. विशे समाधानाने वेळ टिपत असतानाच मागून नथू धापा टाकत आला.

"माफ करा साहेब, मुरबाडची एसटीच नाय आली. आता उतरू का?"

विशे ओणवे झाले आणि त्यांनी बॅटरीचा झोत खाली टाकला. तळाशी ताजा भुसा सपाट पसरला होता.

खोली सहा फूट. पावलांचे ठसे शून्य.