काळ्या अक्रोडाचा भुसा

चंद्रा घोडी पुढच्या दोन्ही पायांनी लंगडायला लागली. मात्र तसं काही झालेलंच नाही, असं सोमाटण्याच्या एका रिसॉर्टवर सगळ्यांना बजावण्यात आलं. ते ऐकून तबेला सांभाळणाऱ्या तेजलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चंद्राची बिचारीची खुरांतच राहिली.

पाइनच्या फिक्या भुशावर पांढरी घोडी पाव्हण्यांच्या फोटोत उठून दिसेना, म्हणून मालक माऊलीशेठनी फर्निचरवाल्याकडून काळ्या अक्रोडाचा भुसा आणून तिच्याखाली अंथरला होता. जनावरांचे डॉक्टर सांगून गेले, हे लाकूड घोड्याच्या पायांना विष आहे, आजच्या आज उपसा.

"अगं पोरी, दिवाळीला आपण पाव्हण्यांना अक्रोडाचे डबे वाटतो," शेठ म्हणाले. "कुणाचे पाय सुजल्याचं ऐकलंयस?"

"पाव्हणे त्यात रात्रभर उभे राहत नाहीत, शेठ."

"मग फोटो गुडघ्याच्या वर काढा. शनिवारी लय गर्दी हाय, भुसा हलायचा न्हाई."

शेठ जेवायला गेल्यावर तेजलनं घमेली भरभरून सगळा भुसा उपसला, चंद्राखाली पुन्हा पाइन अंथरला आणि एवढा महागाचा माल वाया जाऊ नये म्हणून तो अक्रोडाचा भुसा शेठच्या एसी केबिनमध्ये वीतभर पसरला. मग दारावर कागद चिकटवला:

'मालकांनी सदर भुशावर आठवडाभर अनवाणी, चारी पायांवर उभे राहून कामकाज पाहावे व प्रकृतीस अपाय न झाल्यास तसे घोडीस समक्ष कळवावे, ही नम्र विनंती.'