रुजू झाल्याची तारीख

“नववं कलम सोडून बाकी सगळं मान्य,” कॅप्टन म्हणाला आणि त्याने चष्मा काढून डोळे चोळले.

वैमानिक संघटनेच्या वतीने तो कंपनीशी करत असलेल्या बोलण्यांना सातवा महिना लागला होता. विमानतळामागच्या इमारतीतली तीच खोली, तोच घरघरणारा एसी, थर्मासमधला तोच कोमट चहा. टेबलापलीकडे कंपनीचा व्यवस्थापक. वैमानिक त्याला पाठीमागे गोडबोल्या म्हणत. ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. ‘बघू’ मात्र ऐकून ऐकून कान किटले होते.

“आठ विमानं, कॅप्टन,” गोडबोल्या म्हणाला. “दोनच वर्षं वापरलेली, आपल्या ताफ्यात नवीच म्हणायची. दोन महिन्यांत दारात उभी. आणि तुम्ही एका कलमासाठी अडून बसलात!”

कॅप्टन अडून बसला होता, कारण बाकी सगळं त्याने सोडलं होतं. पाच वर्षं पगारवाढ नाही, चालेल. महिन्याच्या दोन सुट्ट्या कमी, तेही चालेल. संघटनेतले तरुण त्याच्यावर खवळले होते. ‘म्हातारा तीन महिन्यांनी निवृत्त होतोय, त्याच्या बापाचं काय जातंय,’ असं एकजण त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोललाही होता. ते त्याला फार लागलं. जायचं ते सगळं त्याचंच तर जाणार होतं.

त्याची मुलगी याच कंपनीत को-पायलट होती. अकरा वर्षं उजव्या खुर्चीत. कॅप्टनची डावी खुर्ची रिकामी झाल्याशिवाय कुणाला बढती नाही, आणि जुन्या विमानांच्या डाव्या खुर्च्यांना माणसं गुळाला मुंगळे चिकटावेत तशी चिकटलेली. एका विमानाला पाळीपाळीने पाच कॅप्टन लागतात; आठ विमानं आली की चाळीस खुर्च्या निघणार होत्या. को-पायलटांच्या यादीत पोरीचा नंबर तिसरा. फक्त त्या खुर्च्या नंबराप्रमाणे भरल्या पाहिजेत, साहेबांच्या मर्जीप्रमाणे नाही; नवव्या कलमात त्याला एवढंच हवं होतं. गेल्या वर्षी मालकांचा भाचा असाच तिच्या मागून येऊन पुढे जाऊन बसला होता.

आदल्याच दिवशी ती फ्लाइट संपवून घरी आली होती, गणवेशातच सोफ्यावर आडवी झाली होती.

“बाबा, मोठ्या कंपनीतून बोलावणं आलंय. पण तिथे परत यादीत शेवटून सुरुवात.”

“मग कशाला जातेस? इथे तिसरी आहेस.”

“चार वर्षं तिसरीच आहे. हल्ली मी सिनेमालाही गेले तर उजवीकडच्या खुर्चीत जाऊन बसते.”

त्याला हसू आलं नाही. “त्यांना नाही म्हणून कळव. कलम मी आणतो.”

ती उठून बसली. मग तिने फोन काढला आणि त्याच्यासमोरच नकार कळवून टाकला. “तुम्ही म्हणताय म्हणून हां, बाबा.”

आता गोडबोल्याने मोठा सुस्कारा सोडला. “टेकले बुवा हात तुमच्यापुढे. जुना माणूस आधी, तर जुना माणूस आधी. भाषा तेवढी आमच्या वकिलांची.” त्याने एक कागद पुढे सरकवला.

वैमानिकांना एक सवय असते. टॉवरवरून आलेली सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जिवावर बेततं. बायकोने दूध आणायला सांगितलं तरी कॅप्टन ‘दूध, एक लिटर, येताना’ असं म्हणूनच घराबाहेर पडे, आणि ती कपाळावर हात मारून घेई. त्याने कागद उचलला आणि त्याच सपाट, थकलेल्या आवाजात वाचला.

“नव्या विमानांवरील कॅप्टनपदे, विमानसेवेत रुजू झाल्याच्या तारखेनुसार, ज्येष्ठ वैमानिकापासून क्रमाने भरली जातील. अपवाद नाही.”

“बरोबर,” गोडबोल्या म्हणाला.

“‘अपवाद नाही’ खाली दोन रेघा मारा.”

“दोन काय, तीन मारतो.”

त्याने खरंच तीन मारल्या. कॅप्टनने सही केली. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

सात आठवड्यांनी, भर दुपारी, पहिलं विमान उतरलं. सगळे वैमानिक उन्हात जमले होते. चिडलेले तरुणसुद्धा आले होते, त्यातल्या एकाने तर कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीने त्याचा हात घट्ट धरला होता, रस्ता ओलांडताना लहानपणी धरायची तसा.

दार उघडलं. कानशिलांवरचे केस पिकलेला एक माणूस खाली उतरला. खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या.

कॅप्टन पुढे झाला. “या, या. विमान पोचवायला आलात, आता चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. परतीची फ्लाइट कधीची?”

“परतीची?” तो माणूस गोंधळला. “आता कुठे परतणार? आमच्या मालकांनी कंपनीच विकली ना तुमच्या साहेबांना, विमानांसकट, माणसांसकट. तरुण पोरं केव्हाच दुसरीकडे गेली, आम्ही चाळीस जणच उरलो होतो. या वयात कोण घेणार, म्हणून झोप उडाली होती. पण तुम्ही ते नववं कलम करून घेतलंत, आमची तिकडची नोकरीही मोजली गेली. उपकार झाले.”

कॅप्टनने मागे वळून पोरीकडे पाहिलं. “तुम्ही स्वतः... रुजू कधी झालात?”

“माझं सोडा, मी आमच्यात सगळ्यात धाकटा,” तो संकोचून हसला. “मला एकोणीसच वर्षं झालीत.”