दुहेरी बंध

रजत घाबरला की नखं खातो, म्हणून देवळीला सुरभीला पाहायला आल्यापासून आई त्याचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली होती. सुरभीनं पोह्यांची प्लेट त्याच्यापुढे केली.

"ठेव तिथं. मंग खाईन तो," आई म्हणाली. "केमिस्ट्रीत सध्या काय शिकवून राह्यली बाई तू?"

"संपृक्त आणि असंपृक्त हायड्रोकार्बन, काकू. संपृक्तातले कार्बन एकमेकाले एकाच हातानं धरतात. असंपृक्तात दोघं एकमेकाले दोन-दोन हातांनी धरून राह्यतात. त्याईनं एक-एक हात सोडला, तरच नवीन कोणाले जागा होते."

रजतनं पोह्यांकडे नाही, सुरभीकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच बोलला.

"आई, माहा एक हात सोड."