घरच्या गोष्टीचे मार्क

“ख्रिस्ती धर्माचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावर काय परिणाम झाला?” नागपूरहून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं आणि समोरच्या चिवड्यातले शेंगदाणे वेचायला घेतले.

महाराष्ट्र होऊन चौथं वर्ष चाललं होतं, आणि जळगाव जामोदला जूनपासून नवं कॉलेज निघणार होतं. इमारत नव्हती, म्हणून तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या मुलाखती अध्यक्ष हिंमतरावांच्या कापसाच्या गोदामात चालल्या होत्या. हिंमतराव लोडाला टेकून बसले होते. त्यांचा तत्त्वज्ञानाशी संबंध एवढाच, की गोदाम त्यांचं होतं.

खुर्चीच्या कडेवर दयाराम बसला होता. मिशनच्या दवाखान्यातल्या ख्रिस्ती माळ्याचा मुलगा, एम.ए., पहिला वर्ग. तीन वर्षं तो मिशनच्या बोर्डिंगात पोरांची हजेरी घेत अशा एखाद्या जागेची वाट पाहत होता. त्याच्या विषयाची दुसरी जागा जवळपास कुठं निघायची चिन्हं नव्हती.

तो सावकाश बोलला. ग्रीकांनी बुद्धीला मान दिला, पण गुलामाला माणसात धरलं नाही. ख्रिस्ती विचारानं सांगितलं, गुलामाचा आत्मा मालकाच्या आत्म्याइतकाच मोलाचा. माणसानं स्वतःच्या आत डोकावून स्वतःला जाब विचारावा, ही सवयही बरीचशी तिथूनच आली. “चर्चनंच ही शिकवण कित्येकदा पायदळी तुडवली, हेही सांगायला हवं. आणि गंमत म्हणजे, पुढे ज्यांनी देव नाकारला त्यांनीही माणसाची ही किंमत सोडली नाही.”

तज्ज्ञ शेंगदाणे विसरले. “उत्तम,” ते म्हणाले.

“उत्तम कायचं?” हिंमतराव म्हणाले. “हे तं त्याच्या घरचंच हाये. घरच्या गोष्टीचे मार्क कसे द्याचे?”

तज्ज्ञांनी विचार केला. त्यांना स्टेशनवर सोडायला मोटार हिंमतरावांचीच होती. विचार लवकर संपला.

दयारामला बाहेर बसवून पंजाबरावला आत घेतलं. हा हिंमतरावांच्या बहिणीचा मुलगा, तिसरा वर्ग. त्यालाही तोच प्रश्न.

“तो भाग मी ऑप्शनला टाकला होता,” तो म्हणाला, आणि कोणी न विचारता त्यानं एक भलंमोठं संस्कृत स्तोत्र म्हणून दाखवलं. मधल्या चार ओळी गळल्या. “लहानपणी आजीनं पाठ करून घेतलं.”

“याले म्हनतात घरचे संस्कार!” हिंमतरावांना भरून आलं. पंजाबरावला दहा मार्क जादा मिळाले. तज्ज्ञांनी सही केली. अक्षर त्यांचं सुरेख होतं.

मग हिंमतरावांनी दयारामला पुन्हा आत बोलावलं. एखाद्याचं वाटोळं केल्यावर मोठ्या माणसांना जी माया येते, ती त्यांना आली होती.

“पोस्ट पंजाबरावले गेली. वाईट नको वाटून घेऊ. पन त्याले आता हे सारं शिकवा लागन, अन् त्याले तं काही येत नाही. तू ऐतवारी वाड्यावर येत जा, त्याले समजावून देत जा. पैशाचं मनात आनू नको, सेवा समज.”

दयारामनं एकदा पंजाबरावकडे पाहिलं.

“काऊन? तुह्या धर्मात तं एका गालावर मारलं का दुसरा समोर करतात म्हने!” हिंमतराव पोट हलवून हसले. पंजाबरावही हसला, मामा हसले म्हणून.

दयारामनं आपली सर्टिफिकिटं गोळा केली. इतका वेळ तो पुस्तकी मराठी बोलत होता. आता ते सोंग त्यानं टाकून दिलं.

“करतो ना जी. पन तो गाल ज्याचा त्यानं द्या लागते. मारनाऱ्यानं मांगून घ्याचा नसते.”

तो निघून गेला. हिंमतरावांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. पंजाबराव मामांच्या तोंडाकडे पाहू लागला. तज्ज्ञांनी मात्र घाईघाईनं खिशातलं पेन काढलं आणि दाराकडे मान वळवून ओरडले,

“वा! कुठल्या पुस्तकात आहे हो हे?”