मुंगी कुठे गेली?

"माझं नाव आलं!" पाच वर्षांची कनक कॉटवर उभी राहून ओरडली. रुग्णालयाच्या बालविभागात दर शुक्रवारी चिठ्ठी निघे. ज्या मुलाचं नाव निघेल, त्याच्या कपाळावरच्या, ऐकलेलं-वाटलेलं सगळं टिपणाऱ्या पट्टीत साठलेली अख्खी सकाळ मोठ्या डॉक्टरांना जशीच्या तशी अनुभवावी लागे.

डॉक्टर उपासनींनी स्टुलावर बसून कनकची पट्टी स्वतःच्या कपाळाला बांधली. बाकीच्या सात कॉटांवरची पोरं पाय पोटाशी घेऊन टाळ्या पिटायला लागली.

"तिकडे बघ हं, छोटीशी मुंगी चावेल," लोखंडे सिस्टरांचा सकाळचा आवाज डॉक्टरांच्या कानात आला. दंडात कळ उठली. डॉक्टर हसतच होते. मग एकाएकी त्यांनी दोन्ही पाय वर घेतले. छाती धडधडायला लागली. ते बाह्या झटकू लागले, वाकून स्टुलाखाली बघू लागले.

"मुंगी कुठे गेली?" ते ओरडले.

पोरं खिदळली. "ती सापडतच नाही!" कनक म्हणाली. "गादीत लपते. रोज चावते."

डॉक्टरांनी पट्टी काढली. तीस वर्षं तेही पोरांना हेच सांगत आले होते.

"कनक, मुंगी नसतेच गं. ती औषधाची सुई असते. जरा दुखते."

"नुसती सुई?" कनकचे डोळे चमकले. ती साऱ्या वॉर्डकडे वळून किंचाळली, "ए, गादीत मुंगी नाहीच आहे! नुसती सुई आहे!"

सातही कॉटांवर पोटाशी घेतलेले पाय भराभर सरळ झाले.