व्याह्यांची अट

केनेश आणि मेदेर, दोघंही किर्गिझस्तानातल्या नारिनचे नावाजलेले कोमुझवादक; कोमुझ म्हणजे तीन तारांचं वाद्य. वीस वर्षं एकमेकांच्या मैफलीला गेले नव्हते. आता केनेशची मुलगी नेमकी मेदेरच्याच मुलाशी लग्न करायचं म्हणून हटून बसली होती.

मुलाला घेऊन मागणी घालायला आलेल्या मेदेरला केनेशने मेजवानीच्या तंबूत अट घातली, "सगळ्यांसमोर म्हण, केनेश माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. मग मुलगी तुझ्या घरची."

तंबूतली माणसं खायची थांबली. मेदेरने मुलाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "केनेश माझ्यापेक्षा चांगला वाजवतो."

केनेश ताडकन उठला.



"खोटारड्या, रेडिओवर तू वाजवायला लागलास की मी घरात कुणाला चहासुद्धा ढवळू देत नाही, विचार माझ्या बायकोला!"