झाकणातला चेहरा

जेवताना कोणी तोंडाकडे बघत बसलेलं मला अजिबात खपत नाही. त्यामुळे 'ग्रोक' हा जुना इंग्रजी शब्द आमच्या शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीतून काढताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. कोणी खात असताना, आपल्यालाही घासभर मिळेल या आशेनं मुकाट टक लावून बघणं, असा त्याचा अर्थ.

"असू दे की, ताई," मुद्रितं तपासणारे काका म्हणाले. "एखादा तरी वापरत असेल."

"वापरणारा राहू दे, तसं बघणारा तरी एक दाखवा," मी ठणकावलं आणि शब्दावर काट मारली.

दुपारी डबा उघडला, तर झाकणात माझ्या चेहऱ्यामागे आणखी एक चेहरा होता. त्याची नजर माझ्या घासावर होती. मी गर्रकन वळले. मागे कोणी नव्हतं.

मग रोज तेच, आणि रोज थोडं जवळ. शेवटी मी भिंतीला पाठ टेकून बसायला लागले. तरी माझ्या आणि भिंतीच्या मधे तो होताच.

आज माझं डोकंच फिरलं. "माणसानं सुखानं दोन घास खायचे की नाही?" मी झाकण काकांसमोर आपटलं. "बघा, कोण आहे हा निर्लज्ज."

काकांनी झाकणाकडे पाहिलंच नाही. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मग त्यांनी आपला डबा हळूच पुढे सरकवला.

"घ्या ना," ते अदबीनं म्हणाले. "पण तुम्हा सगळ्यांना नाही पुरायचं हे."